सुतार पक्ष्याची टकटक

काशीत ब्रह्मदत्ताचे राज्य होते त्या काळी गंगेकाठच्या एका वनात बोधिसत्त्व सुतार पक्षी होऊन जन्मला होता. तिथले पक्षी पावसाळ्यासाठी दाणे साठवीत आणि दर वर्षी एक कोठारी निवडीत. ज्याने त्याने चोचीतून एक काडी आणायची आणि आपल्या पसंतीच्या पक्ष्यापुढे टाकायची, अशी रीत होती. मोठ्या चोचीचा धनेश बरीच वर्षे कोठारी होता. त्याचे बोलणे त्याच्या चोचीहूनही मोठे. साठा मात्र आषाढातच संपे. गेल्या पावसाळ्यात चित्रा नावाच्या साळुंकीचे धाकटे पिल्लू भुकेने गेले होते.

निवड जवळ आली तेव्हा धनेश एका वाळक्या झाडावर बसून स्वतःच्या इमानाचे गोडवे गात होता. त्याच खोडात बोधिसत्त्व किडे शोधत होता. चोच आरपार गेली, आणि भोकातून दाण्यांची धार लागली ती थेट श्रोत्यांच्या डोक्यावर! रानात एकच गलका झाला. साठ्यातले दाणे ढोलीत लपवणाऱ्या धनेशाचे पितळ उघडे पडले, आता काम झाले, असे समजून बोधिसत्त्व निवांत झोपला.

निवडीच्या दिवशी पाहतो तो काय, वडाखाली धनेशाचे सगेसोयरे तेवढे काड्या घेऊन हजर! बाकी रान सुनसान. धनेशाविरुद्ध उभा राहिलेला तित्तिर बिचारा एकटाच बसला होता.

बोधिसत्त्वाने चित्राच्या ढोलीवर टकटक केली. "बाई, तू तर सगळ्यांच्या आधी यायला हवीस!"

"कशाला, सुतारदादा?" ती आतूनच म्हणाली. "सगळे एकाच माळेचे मणी. इतके दिवस वाटायचं, पाऊस लांबला म्हणून दाणे संपले. आता विश्वास ठेवायचा कुणावर? त्या तित्तिराचीही ढोली असेल कुठेतरी."

बोधिसत्त्वाला फार वाईट वाटले. दाण्यांबरोबर आपण यांचा विश्वासही सांडला आणि वर खुशाल झोपलो!

"अगं, तित्तिर जमिनीवर राहतो," तो म्हणाला. "उघड्या गवतात लपवील कुठे? आणि लपवलंच, तर ही चोच आहे ना! पण तू घरात बसलीस, तर तुझ्या पिल्लांचा घास धनेशाचे सोयरे ठरवतील."

चित्राला हसू फुटले, आणि घरट्यातलीच एक काडी उपसून ती बाहेर पडली.

मग बोधिसत्त्वाने एक झाड सोडले नाही. टकटक, टकटक! घुबडाची झोपमोड झाली. "दिवसाढवळ्या हा काय छळ!" असे पुटपुटत तेही काडी घेऊन निघाले. ऊन कलले तेव्हा काड्यांच्या ढिगाआड तित्तिर दिसेनासा झाला होता.

कोठारी होताच तित्तिराने पहिलाच हुकूम सोडला, की कोठाराला सर्वांना आतले दिसेल एवढे भोक पाडावे. बोधिसत्त्वाच्या शब्दाखातर धनेशालाही वाटा मिळाला, इतरांइतकाच. त्या वर्षी भर श्रावणात चित्राची सगळी पिल्ले पोटभर जेवली.

एवढे सांगून भगवान म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धनेश म्हणजे देवदत्त, तित्तिर म्हणजे सारिपुत्त, आणि सुतार पक्षी मीच. दार लावून बसलेले ते पक्षी कोण, विचारता? काल संघाच्या सभेला न येता विहारात लोळत पडलेले तुम्ही!"

भिक्षू ओशाळून हसले. भगवानही हसले आणि म्हणाले, "खोटे उघडे पाडायला एक चोच पुरली. त्यानंतर दारोदार फिरायला लागली, ती न थकता झटणारी वीर्यपारमिता."