घोंगड्यांचं घर

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. गळ्याची शपथ घेऊन सांगतो, मी तिथं हजर होतो. म्हणजे, हजर माझे पणजोबा होते. आणि तसं बघायला गेलं तर तेही त्या दिवशी परगावी लग्नाला गेले होते. पण गोष्ट खरी आहे, तेव्हा शंका न काढता ऐका.

फार पूर्वी एका गावात एक गुरुजी होते. गाव असं नीटनेटकं, की कावळेसुद्धा पाय पुसून कौलावर बसत. गुरुजी गावाहून नीटनेटके. एकटा जीव. धोतराची घडी मोडेल म्हणून ते खाली बसतच नाहीत, असं लोक म्हणत. त्यांच्या मनात एकच इच्छा होती: आपली शाळा अशी व्हावी, की खुद्द राजानं ती बघायला यावं.

त्याच गावात पिंपळाच्या पारावर एक म्हातारी राहायची. पूर्वी तिला घर होतं. नवरा वारला आणि तेराव्याचं जेवण आटोपल्यावर धाकट्या दिरानं घराचं आढं काढून नेलं. आढं म्हणजे सगळं छप्पर ज्याच्यावर तोलून असतं ते मधलं लाकूड. "हे आमच्या वाट्याचं," असं म्हणून त्यानं ते आपल्या गोठ्याला लावलं. आढं गेलं तसं छप्पर बसलं, आणि पुढच्या पावसाळ्यात मातीच्या भिंती विरघळून अंगणात आल्या. गाव म्हणालं, भाऊबंदकीचा मामला आहे, आपण कशाला मध्ये पडा. म्हातारी पारावर राहायला आली आणि गावाला तिची सवय झाली.

एके दिवशी गुरुजींनी मुलांना नवा धडा द्यायचं ठरवलं. धड्याचं नाव 'बेघरांना मदत'. नुसतं तोंडानं सांगून मुलांना काही कळत नाही, प्रत्यक्ष दाखवावं लागतं, असं गुरुजींचं मत होतं. म्हणून त्यांनी म्हातारीला शाळेत बोलावून फळ्याशेजारी उभं केलं.

"मुलांनो, या आजीबाई. या बेघर आहेत. नीट बघून घ्या."

मुलांनी नीट बघून घेतलं. तशी ती तिला रोजच बघत होती, पण आता धडा म्हणून बघितलं.

"आता आजीबाई, तुम्हाला काय हवंय ते मुलांना सांगा."

"एक आढं मिळालं तर बघा," म्हातारी म्हणाली. "भिंती मी घालीन. जागा अजून आहे माझी."

गुरुजी खाकरले. "ते जड असतं हो. मुलांना दप्तरातून आणता येईल असं काहीतरी सांगा."

"दप्तरातून घर कसं येईल, गुरुजी?"

पोरं हसली. गुरुजींना ते आवडलं नाही. "आजीबाईंना थंडी वाजते," त्यांनी मुलांना समजावून सांगितलं. "त्यांना घोंगडी हवी आहे."

"पण त्या तर आढं म्हणाल्या," पुढच्या रांगेतली एक मुलगी बोलली.

"तू जरा बाहेर उभी राहा," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलांनी घोंगड्या आणल्या. घरोघरच्या आयांनी पेट्या उपसल्या. जिच्या घरून एक आली तिच्या शेजारणीनं दोन पाठवल्या, म्हणून समोरचीनं तीन. कुणी आरसा दिला, कुणी पाळणा. एका दिलदार माणसानं तर भलंमोठं पितळी कुलूप दिलं. पारावर घोंगड्यांचा असा ढीग झाला, की पिंपळावरचे पोपट येऊन त्याच्या टोकावर बसू लागले. म्हातारी सगळ्यांना हात जोडत होती आणि विचारत होती, "बाई, हे मी ठेवू कुठं?"

ठेवायला जागाच नव्हती. शेळ्यांनी काठाच्या दशा खाल्ल्या, कुत्री व्याली, आणि एका वळवानं सगळा ढीग भिजून वास मारायला लागला. गाव चिडलं.

"आमच्या घोंगड्यांची ही अवस्था?" पाटील गुरुजींना म्हणाले. "चांगल्या घरच्या वस्तू अशा उघड्यावर? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?"

गुरुजींनाही वाईट वाटलं. विचार करून ते म्हणाले, "पाटील, यांच्या डोक्यावर छप्पर पाहिजे."

आणि मग काय सांगू. ज्या गावाला इतकी वर्षं एक लाकूड सापडत नव्हतं, त्या गावानं एका दुपारी सागाचं आढं आणलं. पाटलांनी स्वतःच्या मळ्यातलं दिलं. कौलं आली, दगड आले. पाराशेजारी खोली उभी राहू लागली.

म्हातारीला वाटलं, आपलं नशीब फिरलं. ती चिखल तुडवायला उतरली, पाट्या वाहिल्या, भिंती लिंपल्या. जमीन सारवताना तिनं कोपऱ्यात हातानं एक गोल काढला.

"हे काय?" गुरुजींनी विचारलं.

"चूल इथं घालीन म्हणते. धूर दाराकडं जाईल."

गुरुजींनी तो गोल पाहिला. एका पोराकडून त्यांनी तो सारवून घेतला.

खोली पुरी झाली तेव्हा बायकांनी ओवाळलं, पाटलांनी नारळ फोडला, आणि घोंगड्या वाळवून, झटकून, घड्या घालून आत रचल्या. मग गुरुजींनी दार लावलं, ते पितळी कुलूप अडकवलं आणि किल्ली वर्गप्रमुखाच्या गळ्यात घातली.

म्हातारी बोचकं काखेला मारून उभी होती. "अहो, मी अजून बाहेरच आहे की."

"तुम्ही बाहेरच बसायचं, आजीबाई. राखण करायची."

"आणि निजायचं कुठं?"

"इथंच, दाराशी. जागा स्वच्छ आहे."

"आत बरीच मोकळी जागा आहे, गुरुजी."

"आहे ना. पण तुम्ही आत राहिलात तर चूल पेटणार, घोंगड्या काळ्या पडणार. मग पुढच्या वर्षीच्या मुलांना मी दाखवू काय? आणि खरं सांगू का," गुरुजींनी आवाज खाली आणला, "तुम्ही आत राहिलात तर तुम्ही बेघर कशा?"

म्हातारीनं बोचकं दाराशी टेकवलं. गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला सुचत असेल तर सांगा.

शाळेचं नाव मात्र गाजलं. लांबलांबच्या गावांहून मुलं खोली बघायला येऊ लागली. गुरुजी झरोक्यातून घोंगड्या दाखवत आणि मग विचारत, "बेघर म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात सांगे, "बेघर म्हणजे ज्याला आपण घोंगडी देतो तो." पाहुणे माना डोलवत. म्हातारी दाराशी बसून ऐके.

अखेर ती बातमी राजाच्या कानावर गेली. राजाचा निरोप आला, उद्या येतो. गुरुजींनी घोंगड्यांच्या घड्या मोडून परत घातल्या. सगळ्या कडा दोरीनं एका रेषेत आणल्या. किल्ली त्या दिवसापुरती स्वतःच्या जानव्याला बांधली.

आणि त्याच दिवशी दिवेलागणीला गारा पडायला लागल्या. नारळाएवढ्या होत्या असं मी म्हणणार होतो, पण तुमचा विश्वास बसायचा नाही, म्हणून आवळ्याएवढ्या म्हणतो. गुरुजी घरात पिठलं-भाकरी खात होते. दारावर थाप पडली. म्हातारी होती. कपाळ फुटलं होतं, ओठ निळे पडले होते.

"गुरुजी, किल्ली द्या. आजचा दिवस."

गुरुजींचा हात जानव्याकडे गेला. हे मात्र सांगायला हवं, गेला. माणूस वाईट नव्हता. पण ओल्या लुगड्यानं म्हातारी आत शिरलेली, सारवण उखडलेलं, कडा विस्कटलेल्या, आणि दारात उभा राजा, असं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. हात तिथंच थांबला.

"उद्यापर्यंत कळ काढा, आजीबाई. राजा येऊन गेला की मी स्वतः तुम्हाला आत नेतो."

"उद्याचं उद्या बघू. गारा आज आहेत."

"तुमच्यासाठीच तर चाललंय हे सगळं," गुरुजी जरा दुखावून म्हणाले. मग त्यांना दया आली. त्यांनी स्वतःच्या अंथरुणातली घोंगडी काढून तिच्या हातात दिली. "ही घ्या. आणि आभार मानू नका."

म्हातारीनं घोंगडी हातात तोलून पाहिली, तिची नीट घडी घातली आणि ती उंबऱ्यावर ठेवली. मग ती वळली आणि गारांतून ओढ्याच्या दिशेनं चालू लागली. गुरुजींनी हाक मारली नाही. भाकरी गार होत होती.

सकाळी निरोप आला: गारांनी रस्ते खराब झाले आहेत, राजे पंधरवड्यानं येतील.

म्हणजे त्या रात्री घोंगड्या सरळ रेषेत उगाचच झोपल्या.

म्हातारी परत आली नाही. आधी गुरुजींना वाटलं, येईल. जाणार कुठं? पण राजाचा दिवस जवळ आला तसे पाटील त्यांना धारेवर धरू लागले. "गुरुजी, खोली आहे, घोंगड्या आहेत, पोरं तयार आहेत, आणि बेघरच नाही. लग्नात नवरी नाही तसली गत. आणा कुठून तरी."

गुरुजी ओढा ओलांडून पलीकडच्या गावात गेले. तिथली शाळा बंद होती. तिथले गुरुजी ओसरीत बसून पायाचा चिखल खरवडत होते.

"तुमच्याकडे एखादा बेघर मिळेल का? एका दिवसापुरता?"

"परवापर्यंत एक म्हातारी होती," ते म्हणाले. "आता नाही. काल छप्पर चढलं."

"मग तुम्ही मुलांना शिकवता कशावर?"

"शिकवायला वेळ कुठं मिळतो? बेघर माणूस आलं की पोरं चिखल तुडवायला पळतात. मोठी माणसं आढं शोधायला जातात. घर होतं, आणि धडा राहूनच जातो." त्यांना त्याची थोडी लाजही वाटत असावी. "तुमच्या शाळेचं फार ऐकलंय हो."

गुरुजी त्या नव्या घरापाशी गेले. म्हातारी चुलीपुढे बसली होती. धूर दारातून बाहेर येत होता.

"आजीबाई, एकच दिवस चला."

"काय करायचं?"

"काही नाही. आपलं नेहमीसारखं. दाराशी बसायचं."

म्हातारी उठली. गुरुजींना वाटलं, निघाली. ती दारापर्यंत आली, आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, "पावसाचं दिसतंय, गुरुजी. वेळेत घरी जा." मग तिनं दार लोटलं. आतून कडी लागली. थोड्या वेळानं कडी निघाली आणि पुन्हा लागली. बहुतेक लागते की नाही ते तिनं परत एकदा बघितलं असावं.

राजा आला त्या दिवशी पाटलांनी गुरुजींकडे आपादमस्तक पाहिलं. "राजानं तुम्हाला कधी पाहिलंय?"

"नाही."

"मग बसा तुम्हीच."

गुरुजींनी केस विस्कटले, फाटकं पोतं पांघरलं आणि कुलपाशी बसले. राजानं झरोक्यातून घोंगड्या पाहिल्या, पोरांची उत्तरं ऐकली, आणि त्याचे डोळे भरून आले. "असा धडा राज्यात दुसरा नाही," तो म्हणाला. "हा बेघर इथून कधीही हलता कामा नये. माझा शिपाई वरचेवर येऊन बघेल. हलला तर मी समजेन की मला फसवलं. आणि फसवणाऱ्याला मी काय करतो ते पाटलांना ठाऊक आहे."

पाटलांना ठाऊक होतं. राजाची पालखी वेशीबाहेर पडताच त्यांनी गुरुजींच्या घराला कुलूप ठोकलं. "तुम्हाला आता घर असून चालायचं नाही, गुरुजी. सगळं गाव गोत्यात येईल." घर नव्या गुरुजींना मिळालं.

संध्याकाळी पाऊस आला. वर्गप्रमुख किल्ली सांभाळत तिथून चालला होता. चार-पाच पोरं बरोबर होती.

"बाळा," गुरुजी म्हणाले, "दार उघड. भिजतोय मी."

पोरं थबकली. एकमेकांकडे बघितलं. मग वर्गप्रमुख अगदी गोड आवाजात म्हणाला, "उद्या परगावची शाळा यायचीय, बाबा. आतली जमीन ओली व्हायला नको." आणि एका पोरानं धावत घरी जाऊन त्यांना घोंगडी आणून दिली.

गुरुजींनी शिकवलेला धडा कुणीही विसरलं नव्हतं.

आता कबूल करतो, यातलं थोडं मी रचलेलं आहे. राजा खोटा. गुरुजी दाराशी बसले तेही खोटं. त्यांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, ते सुखानं म्हातारे झाले. तुम्हाला जरा बरं वाटावं म्हणून मी त्यांना पावसात बसवलं.

आणि ओढ्यापलीकडचं गावही मीच वसवलं. ओढा आहे. त्याच्या पलीकडे नुसतं रान आहे. म्हातारी गारांतून तिकडे गेली, एवढं खरं. पुढं काय झालं ते कुणी विचारलं नाही, म्हणून मलाही कुणी सांगितलं नाही.

खोली खरी आहे. कुलूपही खरं आहे.

तर पोरांनो, तात्पर्य: ज्याला घर नाही त्याला घर द्यावं. त्याच्याऐवजी जे काही देतो, ते आपण आपल्याला देतो.