ओलं पोतं

मंगळवार होता. प्रयोगशाळेत पेढे वाटणं चालू होतं.

विजेच्या वस्तूंचे आपल्याकडचे नियम आणि बाहेरच्या देशांचे नियम कराराने एक होऊन वर्ष झालं होतं. तिकडे तपासलेली वस्तू इकडे पुन्हा तपासायची नाही. अहवाल वाचायचा आणि सही करायची. हे जुळवून आणण्यात प्रयोगशाळेचा प्रमुख उल्हास ढोमणे याचा मोठा वाटा होता. आता तो दोन्हीकडच्या संयुक्त समितीवर गेला होता, म्हणून पेढे.

साडेअकराला फोन आला. लांजेवार सरांच्या पत्नी गेल्या. आर्वीला, बहिणीच्या घरी. कूलरचा शॉक बसून.

लांजेवार सर उल्हासच्या आधीचे प्रमुख. त्याला मीटर धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

उल्हासने पेढा कागदावर ठेवला.

"कूलर कुठला?" त्याने विचारलं.

"लेबलाचा फोटो पाठवतो," फोनवरचा माणूस म्हणाला.

दुपारी कूलरच्या मागच्या लेबलाचा फोटो आला. नंबर जुळवायला दोन मिनिटं लागली. अहवाल बाहेरच्या प्रयोगशाळेचा, बावन्न पानांचा. शेवटच्या पानावर उल्हासची सही.

कूलर त्याने पाहिलेला नव्हता. पाहायची गरज उरली नव्हती.

चौथ्या दिवशी तो आर्वीला गेला.

"माझं चुकलं कुठे, तेवढं सांगा सर."

लांजेवार सर चटईवर बसले होते. मे महिन्यातली दुपार, आणि पंखा बंद. ते पुठ्ठ्याने वारा घेत होते.

त्यांनी अहवाल मागून घेतला. चष्मा पुसला. पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

उल्हास समोर बसून राहिला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खिडकीशी कूलर उभा होता. बाजूला एक बादली.

पाऊण तास गेला.

"चांगला आहे," सर म्हणाले. "एक आकडा चुकलेला नाही."

"मग?"

"मग काही नाही."

...

गेलेल्या काकूंची धाकटी बहीण नलूताई पाणी घेऊन आली. घर तिचंच. तिने तांब्या उल्हासच्या पुढ्यात ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"भाऊजी, लेबलासाठी सही करणारे साहेब ते हेच का?"

"हेच."

"लेबल बघूनच घेतला आम्ही, साहेब. भाऊजींनीच बजावलं होतं. नले, स्वस्तातला घेऊ नको, लेबल बघून घे."

"हो," सर म्हणाले. "मीच सांगितलं होतं."

नलूताई आत गेली.

उल्हासने फाइलमधून एक पत्र काढलं.

"हे टाइप करून आणलंय. या कूलरची विक्री थांबवा, विकलेले परत घ्या, असं. याच अहवालावर अकरा हजार विकले गेलेत."

"सही दिसत नाही."

"तेच विचारायला आलोय. करारात तसं बसत नाही. एका घटनेवरून दुसऱ्या देशाचा अहवाल नाकारता येत नाही. निदान तीन लागतात."

"तीन."

"किंवा मग तिकडे कळवायचं. ते पुन्हा तपासतील. नव्वद दिवसांची मुदत असते."

सरांनी पुठ्ठा खाली ठेवला.

"नव्वद दिवसांनी ऑगस्ट लागेल. तोवर कूलर माळ्यावर गेलेले असतील."

"मी नियमाबाहेर जाऊन सही केली तर सगळा करार डळमळेल, सर. उद्या आपला अहवालही ते नाकारतील. इतकी वर्षं घालवली मी त्यात..."

"खरं आहे."

"आणि यंत्रात दोष नव्हताच. दोष घराच्या वायरिंगमध्ये होता. मी पंचनामा पाहिलाय."

सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

"ये."

आतल्या खोलीत भिंतीवरच्या बोर्डाची पट्टी उघडलेलीच होती. सॉकेटला तीन भोकं होती. वरच्या मोठ्या भोकामागे वायर नव्हती. कधीच नव्हती.

"तेच म्हणतोय मी," उल्हास म्हणाला. "अर्थिंगच नाही. पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत जायला वाटच नाही."

"अहवालात काय धरलंय?"

"अर्थिंग आहे असं. सगळीकडे तसंच धरतात."

"आपण काय धरायचो?"



सरांच्या काळात प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक पोतं असायचं. सगळी मोजमापं झाली, आकडे हद्दीत आले, की त्या वस्तूच्या प्लगची तिसरी पिन सोडवायची. मीटर लावून पुन्हा मोजायचं. मग ज्याला सही करायची त्याने चपला काढायच्या, ओल्या पोत्यावर उभं राहायचं आणि चालू वस्तूला उलट्या हाताने स्पर्श करायचा. त्यानंतर सही. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं. पोत्यांच्या कडा काकू शिवून द्यायच्या, म्हणजे सुतळ्या पायात येत नसत. दर उन्हाळ्यात दोन.

उल्हास प्रमुख झाला त्या वर्षी बाहेरचे तपासनीस आले होते. त्यातल्या एकाने पोत्याचा फोटो काढला आणि विचारलं, हे कुठल्या कलमात बसतं? बाकीचे हसले. उल्हासही हसला. संध्याकाळी त्याने पोतं फेकायला लावलं.

"घर आपल्या हातात नसतं, सर," तो आता म्हणाला.

"नसतं."

...

सरांनी तांब्या आणला. कूलरसमोरच्या फरशीवर पाणी ओतलं. ते पसरत उल्हासच्या पायापर्यंत आलं. बूट त्याने दारातच काढले होते. मोजे भिजले.

"मोजे काढ."

त्याने काढले.

सरांनी बादली उचलून त्याच्या हातात दिली. भरलेली होती.

"टाकीत ओत."

कूलरची मागची जाळी उघडी होती. पत्र्याच्या टाकीत अर्ध्यापर्यंत पाणी होतं, त्यात पंप बुडालेला. पंपाची काळी वायर काठावरून बाहेर आली होती आणि प्लग सॉकेटमध्ये होता. बटणाचं तोंड खाली, म्हणजे चालू होतं.

"सर, मेन बंद आहे ना?"

"अहवालात काय लिहिलंय?"

"सर..."

"शेवटच्या पानावर. तुझ्या सहीच्या वर."

"वापरण्यास सुरक्षित."

"मग ओत."

उल्हासने बादली दोन्ही हातांनी धरली. टाकीच्या काठाला बादली टेकवल्याशिवाय पाणी ओतता येणार नव्हतं. तो तसाच उभा राहिला. बादलीतलं पाणी हलत होतं. त्याच्या पायाची बोटं आखडली होती.

सर बाजूला उभे होते. त्यांनी घाई केली नाही.

"प्लग काढून ओततो," उल्हास म्हणाला.

"तिलाही येत होतं ते," सर म्हणाले. "पण तिने लेबल वाचलं होतं."

दारात नलूताई येऊन उभी राहिली होती, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"काय भिता साहेब," ती म्हणाली. "त्या दिवशीच वायरमन आला आणि खांबावरून लाइन तोडून गेला. चार दिवस घरात दिवा नाही. पंखा बंद आहे, दिसलं नाही का तुम्हाला?"

उल्हासने वर पाहिलं. मग बादली खाली ठेवली. ती ठेवताना तिचा काठ त्याच्या नडगीला लागला.

"मला वाटलं..."

"ताई अशीच उभी होती," नलूताई म्हणाली. "मी म्हटलं, राहू दे, मी भरते. ती म्हणाली, तू पोळ्या लाट, मी भरते."

तिने पदर तोंडाला लावला आणि ती चुलीकडे निघून गेली.

...

उल्हासने ओले मोजे खिशात कोंबले. बाहेर येऊन चटईवर बसला. पत्र तिथेच पडलं होतं. पुठ्ठा त्याच्यावर ठेवला होता, उडू नये म्हणून.

त्याने पेन काढलं. टोपण उघडलं.

"सही केली तर समिती जाईल," तो म्हणाला. "करारही जाईल कदाचित. नाही केली तर..."

त्याने टोपण परत लावलं.

"मी पोतं पुन्हा आणतो, सर. समितीपुढे मांडतो. तिसऱ्या पिनेशिवायची चाचणी सगळ्या देशांच्या नियमांत घ्या म्हणतो. दोन वर्षं लागतील, पण रीतसर होईल. काकूंच्या नावाने..."

"तिच्या नावाने काही करू नको."

उन्हं उंबऱ्यापर्यंत आली.

"मी तुमचा विद्यार्थी आहे," उल्हास म्हणाला. पेन अजून हातात होतं. "एकदाच सांगा. सही करू की नको?"

लांजेवार सर उघड्या दारातून आतल्या खोलीकडे पाहत होते.

"टाकी अजून अर्धीच आहे," ते म्हणाले. "भरायची राहिली."