वकीलबाईंच्या गाडीचे पॅड

कोल्हापूरकडच्या एका गावात शिदू नावाचा माणूस राहायचा. तो इतका भोळा, की कुणी 'बस' म्हटलं तर 'ऊठ' म्हणेपर्यंत बसून राहायचा. एकदा सासुरवाडीला असाच बसला, तो तिसऱ्या दिवशी मेहुण्याने 'दाजी, उठा आता' म्हटल्यावर उठला. सासूला वाटलं, जावई रुसलाय. तिने तिन्ही दिवस पुरणपोळी केली, म्हणून शिदूला त्यात आपलं काही चुकलं असं कधी वाटलं नाही.

हा शिदू हिंदूराव चौगुल्यांच्या गॅरेजात कामाला होता. त्याआधी पिठाच्या गिरणीत होता, बँडपथकात होता, सोसायटीच्या गोडाऊनवर होता. सगळीकडून त्याला काढलं होतं. हिंदूरावांनी काढलं नव्हतं, म्हणून त्याचा त्यांच्यावर फार जीव होता.

गॅरेजात सगळे ट्रॅक्टर आणि टेम्पो यायचे. भारी गाडी एकच, वकील पद्मजाबाई सरनोबतांची. निळी, दोन सीटची, जमिनीला पोट घासेल एवढी बुटकी. बाई सहा दिवस तिच्यातून कोर्टात जायच्या आणि रविवारी माळावरच्या ट्रॅकवर ती पळवायच्या. दरवर्षी तिथे मोठी शर्यत व्हायची. तीन वर्षं बाई दुसऱ्या आल्या होत्या आणि तिन्ही वर्षं त्यांचे धाकटे दीर पहिले आले होते. दीर ते दर लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगायचे.

"हिंदूराव, ब्रेक कमी पडतात माझे," बाई म्हणाल्या. "पॅड बदला. मला रस्त्यावर पण चालले पाहिजेत आणि ट्रॅकवर पण. येत्या रविवारी शर्यत आहे. यंदा जिंकले नाही, तर गाडी पुढच्या वर्षापासून पुण्याच्या गॅरेजला देईन."

बाईंच्या गाडीमुळेच तर हिंदूरावांच्या गॅरेजचं नाव होतं.

"बाई, रस्त्याचा पॅड गार असताना धरतो, तापला की हात टेकतो," ते म्हणाले. "ट्रॅकचा पॅड तापला की धरतो, पण गार असला की नुसता किंचाळतो. दोन्ही आणून ठेवतो, मग बघू."

बाई गेल्यावर ते शिदूला म्हणाले, "ऐकलंस न्हवं? ही गाडी हातची गेली, तर तुला ठेवायला मला परवडायचं न्हाई. नीट काम कर. बाईंना रस्त्याला बी पायजे, ट्रॅकला बी पायजे. कळलं?"

"कळलं," शिदू म्हणाला.

आणि त्याने डाव्या चाकाला रस्त्याचे पॅड बसवले, उजव्या चाकाला ट्रॅकचे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सकाळी बाजारात ब्रेक दाबला. डावं चाक थांबलं, उजवं थांबेना. गाडी गर्रकन डावीकडे वळली आणि कडब्याच्या गंजीत शिरली. बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या काळ्या कोटावर इतका कडबा होता, की दोन म्हशी त्यांच्या मागोमाग चालू लागल्या.

हिंदूरावांनी कपाळावर हात मारला. "आरं, डावीकडं जे असंल तेच उजवीकडं पायजे. दोन्ही बाजू सारख्या. कळलं?"

"कळलं. दोन्ही बाजू सारख्या."

मंगळवारी गाडीचं उजवं चाक पंक्चर झालं. शिदूने बघितलं. उजव्या चाकात हवा नाही, डाव्यात भरपूर. त्याने डाव्या चाकातली सगळी हवा सोडून दिली. मग लांब उभं राहून बघितलं. दोन्ही बाजू अगदी सारख्या होत्या.

पंक्चर काढून हिंदूरावांनी दोन्ही चाकांत हवा भरली. मग म्हणाले, "शिदू, भरलेलं मोकळं करायचं नसतंय. जिथं मोकळं दिसंल, तिथं भरायचं असतंय. कळलं?"

"कळलं. मोकळं दिसलं की भरायचं."

बुधवारी शिदू चाक काढून ब्रेक पुसत होता. पॅड आणि तो जिला धरतो ती डिस्कची चकती यांच्यामध्ये त्याला केसाएवढी फट दिसली. फट म्हणजे मोकळं. त्याने ग्रीसचा डबा घेतला आणि चारही चाकांच्या फटी बोटाने लिंपून काढल्या. घरच्या चुलीचं पोतेरंसुद्धा त्याने कधी एवढ्या मायेनं केलं नव्हतं.

त्या दिवशी बाईंनी कोर्टासमोर ब्रेक दाबला. गाडी कोर्ट ओलांडून पुढे गेली, पुढच्या चढावर दमून थांबली आणि तशीच मागे घरंगळत पुन्हा कोर्ट ओलांडून गेली. त्यांचा पक्षकार फाटकात उभा होता. त्याने दोन्ही वेळा नमस्कार केला.

"आरं देवा," हिंदूराव म्हणाले. "ब्रेकला तेलकट काय बी लागता कामा नये. तेलाचा थेंब दिसला की पुसून कोरडं करायचं. कळलं?"

"कळलं. तेल दिसलं की कोरडं करायचं."

शुक्रवारी शिदूने बॉनेट उघडलं. ब्रेक ऑईलच्या बाटलीचं झाकण काढून आत डोकावला. थेंब कसला, बाटली काठोकाठ भरलेली. मालकांना हे कळलं तर काय म्हणतील? त्याने सगळं ऑईल काढून फेकलं, नळीत हवा मारली आणि बाटली आपल्या धुतलेल्या टॉवेलने आतून लखलखीत पुसली. ब्रेक चालतो तोच त्या ऑईलवर; हिंदूरावांनी ब्रेकवर पाय ठेवला तर पाय थेट तळाला गेला.

ह्या वेळी हिंदूरावांनी शिदूला नवं काही शिकवलं नाही. ते बाईंकडे गेले आणि म्हणाले, "बाई, दोन दोन जोड नकोत. आमच्याकडं ते झेपत न्हाई. दोन्हीकडं चालणारा मधला पॅड घालतो. रस्त्यावर थोडा कुरकुर करंल, पर ट्रॅकवर दगा द्यायचा न्हाई."

"घाला," बाई म्हणाल्या. "कुरकुरणाऱ्यांची मला सवय आहे."

शनिवारी हिंदूरावांनी सगळं स्वतः केलं. पॅड बसवले, नवं ऑईल भरलं, नटसुद्धा शिदूला आवळू दिले नाहीत. पण नवे पॅड शर्यतीआधी रस्त्यावर रुळवावे लागतात, आणि रविवारी सकाळपासून बाईंना आणि हिंदूरावांना ट्रॅकवर नाव नोंदवायला आणि गाडीचे कागद दाखवायला थांबायचं होतं. शिदू गाडी मात्र झकास चालवायचा. ते एकच काम त्याला येत होतं.

"नीट ऐक," हिंदूराव म्हणाले. "ऐंशीनं पळवायची, ब्रेक मारून वीसवर आणायची. परत ऐंशी, परत वीस. असं धा वेळा. पर गाडी उभी करायची न्हाई. तापलेला पॅड डिस्कला चिकटतो आन् सगळं वाया जातं. मग सरळ ट्रॅकवर ये. कळलं?"

"कळलं. उभी करायची न्हाई."

शिदूने बरोबर दहा वेळा ब्रेक मारले. नऊ नाही, अकरा नाही. पॅड असे सुरेख रुळले, की कुठल्याही मिस्त्रीने त्याची पाठ थोपटली असती. मग तो सरळ ट्रॅकवर आला. गेटवरच्या माणसाने लाल झेंडा दाखवला. शिदूने त्याला हात केला आणि माणसाच्या चालीने गाडी आत नेली. हेल्मेट घालून बाई उभ्या होत्या. त्यांनाही हात केला आणि पुढे गेला.

हिंदूराव गाडीशेजारून पळू लागले. "आरं, थांब!"

"चिकटंल की, मालक."

"आरं, गेटवर त्यानं झेंडा दाखवला! झेंडा दिसला की थांबायचं असतंय. कळलं?"

"कळलं. झेंडा दिसला की थांबायचं."

"मग थांब की आता!"

"आता झेंडा कुठं हाय?"

शर्यत सुरू व्हायला दोन मिनिटं उरली होती. बाईंनी पळत येऊन डावीकडचं दार उघडलं आणि आत उडी मारली. जादाचं हेल्मेट शिदूच्या डोक्यात घातलं. शर्यतीत एका गाडीत दोघे बसले तरी चालत होतं, आणि कोणी चालवायची याबद्दल नियमात काही लिहिलेलं नव्हतं. बाईंनी नियम वाचलेले होते. गाडी रांगेपाशी पोचली आणि भोंगा वाजला.

"शिदू, मी सांगते तसं कर," बाई म्हणाल्या.

कुणी सांगितलं तसं करणं, हा तर शिदूचा जन्माचा धंदा. बाई म्हणाल्या 'दाब', त्याने दाबला. म्हणाल्या 'सोड', त्याने सोडला. वळणांवर दुसरे आधीच ब्रेक मारत होते. शिदू बाईंचा शब्द येईपर्यंत मारत नव्हता. नवव्या फेरीत त्याने दिरांना मागे टाकलं. बाईंना हसू आवरेना. कठड्यावर हिंदूराव देवाचं नाव घेत होते. शेवटच्या फेरीत दीर पन्नास हात मागे होते आणि समोर शर्यतीची रेघ दिसत होती.

रेघेवर एक माणूस उभा होता. त्याने शर्यत संपल्याचा काळा-पांढरा झेंडा उंच धरला आणि हलवायला सुरुवात केली.

शिदूने ब्रेक दाबला.

काय सांगावं, पॅड असे धरले की गाडी कुठेही न सरकता, न वळता, सरळ उभी राहिली. रेघेच्या चार बोटं अलीकडे.

"शिदू, पुढे घे," बाई म्हणाल्या.

"झेंडा दिसतोय, बाई."

गाडी थांबलेली बघून तो माणूस 'या, या' म्हणत आणखी जोरात झेंडा हलवू लागला. तो जितका जोरात हलवी, तितका शिदू ब्रेक जोरात दाबी. शेजारून दीर गेले. त्यांनी हॉर्न वाजवला. मग एकामागून एक बाकीचे दहा, अशा अकराच्या अकरा गाड्या गेल्या. शेवटी त्या माणसाचा हात भरून आला आणि त्याने झेंडा खाली घेतला. शिदूने ब्रेक सोडला आणि गाडी हलकेच रेघेपलीकडे गेली.

हिंदूराव कठडा ओलांडून पळत आले. शिदूने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"मालक, आता आपल्याला कामाची काळजीच न्हाई," तो म्हणाला. "त्या अकराजणातल्या एकाचा बी ब्रेक लागला न्हाई. सगळ्यांना आपल्या गॅरेजात घेऊन येऊ का?"