बापाचे माप

गोदेच्या काठी शाल्मली नावाचे नगर होते आणि तिथे सुबाहू राजा सुखाने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने त्याच नगरात एका कुंभाराच्या घरी जन्म घेतला होता. म्हातारपणी हात थरथरू लागले तसे त्याचे चाक सुटले. पण कुंभारवाड्यात सगळे त्याला आबा म्हणत आणि त्याच्या शब्दाबाहेर जात नसत.

एका वर्षी कण्हक नावाचा कुंभार आपल्या बायकोला, विंझाला, घेऊन तिथे आला. त्याच्या गावच्या नदीने पात्र बदलले होते आणि पाण्यावाचून सगळे गाव उठले होते. सामान ते काय, तर एक चाक, एक पाटी आणि फडक्यात बांधलेला मातीचा वाळका गोळा. कण्हकाच्या बापाने मळलेल्या शेवटच्या मातीतला तो गोळा होता. त्यावर बापाच्या अंगठ्याचा ठसा अजून तसाच होता.

कुंभारवाड्याने त्याला मडकी भाजायचा आवा लावायला जागा दिली. रीत मात्र अशी होती, की नव्या माणसाचे लागोपाठ तीन आवे फुटले तर त्याने जागा सोडून दुसरे गाव धरायचे. मातीही सगळ्यांची आणि लाकूडफाटाही सगळ्यांचा, म्हणून ही रीत.

कण्हकाचा हात मोठा देखणा. त्याच्या चाकावरून उतरलेला घट पाहायला वाड्यातल्या बायका हातातले काम सोडून येत. पण तोंडी सदा एकच, "आमच्या गावाकडे." आमच्या गावाकडे माती अशी, पाणी तसे, आमच्या गावाकडे घट वाजवला की पलीकडच्या काठाला ऐकू जाई. लोक गालातल्या गालात हसत आणि म्हणत, "आलं बाई, गाव आलं!" बिचाऱ्याला ते कळतही नसे. माती तुडवताना तो डोळे मिटून घेई, म्हणजे पायाखाली जुनीच माती आहे असे वाटे. तेवढा वेळ तो खरोखर सुखी असे.

पहिला आवा पेटला आणि आतून फटाफट आवाज येऊ लागले. उघडून पाहतात तो नुसती खापरे. दुसऱ्या आव्याचेही तेच झाले. विंझा खाली बसून तुकडे वेचू लागली.

"अहो, मला सातवा महिना लागलाय," ती म्हणाली. "आता आणखी कुठं जायचं?"

कण्हकही तिच्याशेजारी बसून तुकडे वेचू लागला. बोलला तो शेजारचा तुंगल.

"मी सांगू? तो गोळा आधी गोदेत टाकून ये. गाव डोक्यातून काढ. मागचं कवटाळून बसलं की पुढचं काही धड होत नाही बघ."

कण्हकाला ते पटले. गोळा घेऊन तो घाटाकडे निघाला, पण डोळ्यांचे पाणी काही खळेना. घाटाच्या वरच्या पायरीवर आबा ऊन खात बसले होते.

"काय टाकायला चाललास रे?"

कण्हकाने सगळे सांगितले.

"मातीत वाळू किती घालतोस?"

"आठ पाट्यांना एक. बापाचं माप आहे, आबा. त्यात मी चिमटीएवढाही चुकलेलो नाही."

"आणि बाप ते माप ठरवायचा कसं?"

"ठरवायचं काय त्यात? ठरलेलंच होतं."

"आठव जरा. घाई नाही."

कण्हक पायरीवर बसला. गाव त्याला रोजच आठवे. पण आज पहिल्यांदाच तो तिथे काहीतरी शोधायला गेला. सकाळची वेळ. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला बाप. बाप नव्या मातीची लांब वात वळतोय, अंगठ्याला गुंडाळतोय, उन्हात धरून निरखतोय. "बोल बाई, तुला किती हवी?" असे मातीला विचारतोय. कधी मूठभर वाळू वाढवतोय, कधी काढून घेतोय.

"आबा!" कण्हक एकदम म्हणाला. "तो दर वेळी विचारायचा. मला भूक लागलेली असायची, मी नुसता आकडा ऐकायचो." आणि तो हमसून हमसून रडू लागला.

आबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "लेका, बापाचं उत्तर तू एवढ्या लांब वाहून आणलंस आणि त्याचा प्रश्न तिकडेच ठेवून आलास."

"मग तुम्ही आधीच का नाही सांगितलंत?"

"कुणाला सांगणार? तू इथं होतास कुठं?" आबा हसले. "आणि हा गोळा टाकू नकोस. हा नसता तर आज तुला बाप भेटला असता का?"

कण्हक परत आला आणि त्याने गोदेच्या काळ्या मातीची वात वळली. ती अंगठ्याला चिकटली आणि उन्हात तडकली. त्याने वाळू वाढवली, पुन्हा वात वळली, पुन्हा विचारले. पाच पाट्यांना एक झाली तेव्हा वात अखंड राहिली.

तिसऱ्या आव्याभोवती सगळा वाडा जमला. आतून एकही आवाज आला नाही. आवा निवल्यावर कण्हकाने राखेतून एक लालबुंद घट काढला, बोटाने वाजवला आणि कानाशी धरला.

"आपल्या गावासारखा वाजतो का हो?" विंझाने हळूच विचारले.

"नाही," तो म्हणाला. पुन्हा वाजवून पाहिला. "निराळा वाजतो. पण चांगला वाजतो, विंझा."

गोळा त्याने आव्याजवळच्या कोनाड्यात ठेवला. माती मळण्याआधी तो बापाच्या ठशावर आपला अंगठा टेकवी आणि मग वात वळायला घेई.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, वेणुदत्त नावाच्या भिक्षूसाठी सांगितली. आपले आचार्य आणि जुना विहार आठवून तो झुरत होता, त्यांचाच नेम शब्दशः पाळत होता, तरी त्याचे चित्त स्थिर होत नव्हते. सोबतचा धनिक नावाचा भिक्षू त्याला सगळे विसरून जा म्हणून सांगत होता.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा कण्हक म्हणजे हा वेणुदत्त. विंझा म्हणजे भिक्षुणी रोहा. तुंगल हा आपला धनिक. सल्ला द्यायची त्याची हौस अजून फिटलेली नाही. आणि आबा मी होतो. वेणुदत्ता, तुझ्या आचार्यांनी काय सांगितले ते तुला पाठ आहे. ते तुझ्याकडे किती वेळ निरखून पाहत आणि मग सांगत, ते आठव. आठवणीतून काय उचलावे हे ज्याला कळते, त्याच्या वाटेत आठवण आडवी येत नाही. हे कळणे म्हणजेच प्रज्ञा."

वेणुदत्ताने डोळे मिटले आणि पुष्कळ दिवसांनी आपल्या आचार्यांना पाहिले.