वाकणाऱ्या रेघा

एकदा एका दुरुस्तीकाराला आपल्याच घरातला संगणक काही केल्या दुरुस्त करता येईना. या दुरुस्तीकाराचे नाव हेरंब. तालुक्याच्या गावी त्याचे वीस वर्षांचे दुकान होते आणि बिघडलेली यंत्रे घेऊन लांबलांबची माणसे त्याच्याकडे विश्वासाने येत. हा संगणक मात्र त्याच्या आत्याचा होता. कुमुदआत्याने त्याला लहानाचे मोठे केले होते आणि आता ती त्याच्याच घरी राहत होती. गावच्या साप्ताहिकात दर रविवारी येणारे शब्दकोडे ती या संगणकावर रचत असे. चौकटींत शब्द बसवणे हा तिचा उतारवयातला आधार होता.

एके दिवशी आत्या म्हणाली की पडद्यावर रेघा वाकतात, मधल्या चौकटी जुळत नाहीत. हेरंबने पाहिले तर त्याला सगळे सरळ दिसले. पण रेघांची तक्रार त्याच्या दुकानात रोजचीच. पडद्यावर रेघा येतात म्हणजे केबल ढिली झालेली, नाहीतर ग्राफिक्स कार्ड गेलेले. त्याने केबल बदलली, ड्रायव्हर सॉफ्टवेअर नव्याने टाकले, मग कार्डच दुसरे बसवले. दर वेळी आत्या म्हणे, फरक नाही रे. शेवटी त्याने नवाकोरा मॉनिटर आणून ठेवला आणि जरा वैतागूनच विचारले, आता तरी बरे दिसते ना? आत्याने पडद्याऐवजी त्याच्याकडे पाहिले आणि हो म्हटले. हेरंबला हायसे वाटले. ज्ञानी माणसाला हायसे वाटायला फार थोडे पुरते.

तीन आठवड्यांनी एका सकाळी त्याचे वृद्ध गुरुजी काठी टेकत दुकानात आले. दुरुस्तीचे सारे शिक्षण हेरंबला त्यांनीच दिले होते. त्यांनी विचारले, दोन रविवार झाले, कोडे आले नाही, कुमुदताईंची प्रकृती बरी आहे ना? हेरंब चपापला. कोडे बंद पडले आहे हे घरात राहून त्याला ठाऊकच नव्हते. त्याने संगणकाची सगळी हकिकत सांगितली.

गुरुजींनी तक्रारवही मागितली. त्यांचा एक जुना दंडक होता. तक्रार वहीत उतरवायची ती ग्राहकाच्याच शब्दांत, कारागिराच्या शब्दांत नाही. कोणी संगणक रुसला म्हटले, तर रुसला असेच लिहायचे. हेरंब हा दंडक पाळत असे, पण आत्याची तक्रार वहीत कुठेच नव्हती. घरच्या माणसाचे काय लिहून घ्यायचे, असे त्याला वाटले होते.

"मग तोंडी सांग," गुरुजी म्हणाले. "ताईंचे शब्द सांग, तुझे नकोत."

"रेघा येतात, म्हणाली." हेरंब बोलता बोलता अडखळला. "नाही. रेघा वाकतात, म्हणाली होती."

गुरुजी तसेच उठले आणि घराकडे निघाले. हेरंबने हत्यारांची पिशवी उचलली, पण तिच्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. घरात शिरताच त्यांनी संगणक बंद केला. मग आत्याला खिडकीपाशी बोलावले, एक डोळा झाकून गज बघायला सांगितले. डावा डोळा झाकला तेव्हा गज सरळ होते. उजवा झाकल्यावर मात्र तिने हात पुढे करून गज चाचपले.

"मधले दोन वाकलेत," ती म्हणाली. "इथंही वाकलेत."

हेरंबने पिशवी खाली ठेवली. मग बरे दिसते असे का सांगितलेस, असे त्याने कसेबसे विचारले.

"तू किती खपत होतास. तुझं काम चुकतंय असं माझ्याच्यानं म्हणवेना रे."

गुरुजी खुर्चीवर बसले. "माझ्या आईला दाराची चौकट वाकडी दिसायची. मी सुतार बोलावला. डॉक्टरांकडे नेलं तोवर एक डोळा गेला होता. परक्याचं बोलणं आपण लिहून घेतो, कारण तो पुढं काय म्हणेल ते आपल्याला ठाऊक नसतं. घरच्याचं वाक्य मात्र आपणच पुरं करतो, आणि मग आपल्याच वाक्याची दुरुस्ती करत बसतो. आता उशीर करू नकोस. आजच जा."

दुपारपर्यंत ते जिल्ह्याच्या गावी नेत्रतज्ज्ञांकडे पोहोचले. डॉक्टरांनी सांगितले, डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचले आहे. इंजेक्शने घ्यावी लागतील. गेलेले सगळे परत येईलच असे नाही, पण उरलेले बहुधा वाचेल. आणखी महिना गेला असता तर तेही सांगता आले नसते. पडदा हा शब्द ऐकून हेरंबने मान खाली घातली.

परतल्यावर त्याने दुकानातून वही आणली आणि आत्याच्या शेजारी बसून कोऱ्या पानावर लिहिले, रेघा वाकतात. मग विचारले, "आणखी काय होतं, आत्या?"

आत्याने उजवा डोळा झाकला आणि त्याच्याकडे पाहिले. "कॅलेंडरातली तारीख मधूनच नाहीशी होते. दिव्याची वात तुटल्यासारखी दिसते." मग ती म्हणाली, "आणि तुझा चेहरा मधोमध पुसलेला दिसतो."

हेरंबचे डोळे भरून आले. त्याने तेही लिहून घेतले, एकही शब्द न बदलता.