थोरलीची बद्द वाजलेली पायरी

एका मोठ्या शहरात आगीच्या बंबांची एक चौकी होती आणि त्या चौकीत उंच शिडीची एक गाडी होती. तिला सगळे 'थोरली' म्हणत. थोरली चालवायचा भिकाजी. बायकोने कोणत्या रंगाचं लुगडं नेसलंय हे त्याला विचाराल तर डोकं खाजवेल, पण थोरलीच्या अंगावरचा ओरखडा न् ओरखडा तोंडपाठ! असतात बाबा एकेक माणसं.

चौकीची एक रीत होती. दसऱ्याआधी चालकाने शिडी आडवी पसरायची, पायरीन् पायरी हातोडीने ठोकायची आणि कान देऊन ऐकायचं. खणखणीत वाजली तर शिडी धड. बद्द वाजली तर गाडी बाद. चालक म्हणेल तीच पूर्वदिशा.

बाद झालेल्या शिडीच्या गाड्या मागच्या मैदानात उभ्या असत. कुणाचे टायर गेलेले, कुणाच्या शिडीत कावळ्यांची घरटी. भंगारवाला आला की त्यांचे तुकडे होत. भिकाजी त्या बाजूला बघतसुद्धा नसे.

त्या वर्षी टोकाजवळची एक पायरी बद्द वाजली. भिकाजीने पुन्हा ठोकली. पुन्हा बद्द.

"काय भिकाजी, ठीक ना सगळं?" साहेबांनी लांबूनच विचारलं.

खरं सांगावं तर थोरली मागच्या मैदानात जाणार. भिकाजीने हातोडी खाली ठेवली.

"खणखणीत आहे, साहेब."

मग त्याने त्या पायरीच्या सांध्यावर लाल रंगाचे दोन हात मारले, झेंडूचा हार घातला आणि नारळ फोडला. प्रेम आंधळं असतं म्हणतात. याचं तर ऐकूनसुद्धा बहिरं झालं!

शिडीवर चढायचं काम वामनचं. सरावाच्या वेळी तो म्हणाला, "भिकाजीकाका, वर जरा हलल्यासारखं वाटतं हो."

"अरे, तुझे दुधाचे दात पडले नव्हते तेव्हापासून ती माणसं उतरवतेय. तिच्यावर संशय घेतोस?"

वामन ओशाळला. त्याने शिडीला हात लावून नमस्कार केला.

दिवाळी सरली आणि एका दुपारी कापडाच्या गोदामाला आग लागली. वरच्या खिडकीत एक बाई हाका मारत होती. वामन सरसर चढला. त्याच पायरीवर पाय पडला आणि सांधा तुटला. बाईला दुसऱ्या चौकीच्या गाडीने सुखरूप उतरवलं. वामन मात्र जागच्या जागी गेला.

थोरली शेवटी मागच्या मैदानात गेलीच.

भिकाजी वामनच्या घरी भेटायला गेला, तेव्हा त्याची आईच याची समजूत घालू लागली. "भाऊ, जिवाला लावून घेऊ नका. पोटच्या लेकीसारखी जपलीत हो तुम्ही ती शिडी. माझंच नशीब फुटकं."

भिकाजीला ते सोसेना. "वहिनी, शिडीच जपली मी. पायरी बद्द वाजली होती. मला ठाऊक होतं."

ती माउली उठली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. भिकाजी ओसरीवर बसून लहान मुलासारखा रडला, पण ते दार काही उघडलं नाही.

तात्पर्य इतकंच: ज्याच्यावर माया आहे त्याला वेळेवर विसावा द्यावा, आपल्या मायेपायी दुसऱ्याचं लेकरू पणाला लावू नये.