कधी न संपणारा भात

एका राज्यात शुभ्रकेतू नावाचा राजा होता. धवलनाथ जादूगारानं त्याला एक हंडा दिला. त्यातला पांढराशुभ्र भात कधी संपत नसे. अट एवढीच, की राज्यात दुसरं काही पिकवायचं नाही, शिजवायचं नाही, खायचं नाही.

आयतं मिळालं की माणसाची अक्कल चरायला जाते. राजानं शेतं, बागा, रानं, गवत, परसातला अळूसुद्धा उपटून जाळला. रोज सकाळी चूलहुंगे घरोघर फिरत आणि चुलीपुढं ओणवे होऊन वास घेत. भाताखेरीज दुसरा वास आला, की अख्खं घर सुळावर! प्रजा दोन वेळ पोटभर जेवली आणि तिनं राजाचा जयजयकार केला.

सात वर्षं गेली. पोटं भरलेली, तरी माणसं खंगू लागली. धवलनाथ म्हणाला, भुतं लागली आहेत.

त्या नगरात बकुळा नावाची वैदीण राहत होती. तिची सहा वर्षांची लेक शेवंती एके दिवशी दिवस मावळताना उंबऱ्याला अडखळून पडली. बकुळेनं तिचे डोळे पाहिले. ते कोरडे पडले होते आणि पांढऱ्या भागावर साबणाच्या फेसासारखा डाग होता. रातांधळेपणा! आता शेवग्याचा पाला पोटात गेला तर डोळे वाचतील, नाही तर बुबुळंच विरघळतील.

आढ्यावरची साळुंकी म्हणाली, "वैदीणबाई, राजघरातली तीन माणसं निषिद्ध अन्नानं बरी झाली, की हंडा आपोआप तडकेल."

बकुळा दरबारात गेली आणि राजघरातली दुखणी निषिद्ध अन्नानं बरी करते म्हणाली. राजा म्हणाला, "तीन रोगी आहेत. न विचारता दुखणं ओळख, मग त्या रोग्यापुरतं निषिद्ध अन्न आणायची मुभा. एक बरा झाला, की दुसरा. चुकलीस तर सूळ."

"महाराज, आधी माझ्या लेकीपुरता मूठभर पाला आणू द्या."

"आधी राजघर, मग प्रजा. रिवाज आहे."

मेला तो रिवाज! पण बकुळा काय करणार?

राणीच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, पायांवर जांभळे डाग होते, जुनी जखम पुन्हा उघडली होती. बकुळा म्हणाली, "आंबट फळ." सीमेपलीकडून आवळे आणले. पंधरा दिवसांत राणी बरी झाली.

राजाचा भाऊ सेनापती होता. त्याचे पाय सुजले होते. बोट दाबलं की खळगा राही, आणि तळव्याला काटा टोचला तरी कळत नसे. बकुळा म्हणाली, "हंड्यातल्या भाताला कोंडाच नाही, आणि माणसाचं बळ त्यातच असतं. ह्यांना कोंडा खाऊ घाला." महिन्यानं सेनापती घोड्यावर बसला.

राजपुत्राच्या पापण्या आतून पांढऱ्याफटक होत्या, नखं चमच्यासारखी खोलगट झाली होती, आणि तो लपून माती खाई. बकुळा म्हणाली, "रक्तात लोह नाही." अळीव, नाचणी, बकऱ्याची कलेजी. ह्याला दोन महिने लागले.

दर खेपेला शिपाई तिची टोपली, ओटी, अंबाडासुद्धा झाडून पाहत. रोगी सोडून दुसऱ्या कुणासाठी एक पानही येऊ देत नसत. तिकडे शेवंतीचे डोळे दिवसेंदिवस धुरकट होत चालले.

राजपुत्र धावू लागला, त्या दुपारी हंडा तडकला. धवलनाथ वाफ होऊन गेला. सात वर्षांच्या उजाड मातीतून घटकाभरात शेवगा, अळू, मेथी उगवली. लोक रस्त्यात नाचू लागले. राजा गहिवरून म्हणाला, "माग, हवं ते माग!"

बकुळा थांबलीच नाही. वाटेत शेवग्याचा पाला ओरबाडून ती घरी धावली. शेवंती दारात बसली होती. दोन्ही बुबुळं पांढरी झाली होती.

राज्य सुखी झालं म्हणतात. झालं असेल.

"आई," शेवंती म्हणाली, "सगळे हिरवं हिरवं म्हणून ओरडतायत. हिरवं म्हणजे कसं असतं गं?"

बकुळेनं पाला तिच्या ओंजळीत ठेवला. पोरीनं तो चाचपला आणि उत्तराची वाट पाहत राहिली. राजघरातली सगळी दुखणी न विचारता ओळखणाऱ्या त्या वैदिणीला एवढं मात्र सांगता आलं नाही.